जड पाण्यातील बाग

शेतकरी बी पेरण्यापूर्वी जमीन पाहतो. काळ्या कसदार जमिनीत तो ज्वारी किंवा कापूस पेरतो. कोकणातील तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत आंबा आणि काजू लावतो. एका जमिनीत जोमाने येणारे पीक दुसऱ्या जमिनीतही तसेच येईल, असे तो कधी गृहीत धरीत नाही. काचेच्या पेटीत मासे पाळणारी माणसे मात्र हा साधा नियम पुष्कळदा विसरतात. दुकानात जी पाणवनस्पती अधिक सुंदर दिसेल ती ते विकत आणतात आणि पेटीतील वाळूत रोवतात. पंधरा दिवसांत तिची पाने पिवळी पडून कुजू लागली, म्हणजे कधी माशांना दोष देतात, तर कधी दुकानदाराला. खरे कारण बहुधा पेटीतच असते. परंतु ते डोळ्यांना दिसत नाही. ते कारण म्हणजे पाणी. पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीची जमीन केवळ तळाची वाळू नव्हे. तिच्या भोवतालचे पाणी हीच तिची खरी जमीन होय.

मत्स्यपेटीत वनस्पती केवळ शोभेसाठी लावीत नाहीत. उजेडात त्या पाण्यात प्राणवायू सोडतात. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात मिसळणारी घातक द्रव्ये त्या अन्न म्हणून शोषून घेतात. त्यांच्या दाट पानांत लहान पिलांना आसरा मिळतो. म्हणून वनस्पती मेल्या तर केवळ पेटीची शोभा जाते असे नाही. कुजणारी पाने पाणी नासवितात आणि त्या पाण्यात माशांचाही जीव धोक्यात येतो. कोणत्या पाण्यात कोणती वनस्पती लावावी, हा प्रश्न त्यामुळे आवडीनिवडीपुरता राहत नाही. तो पेटीतील जिवांच्या जगण्याचा प्रश्न असतो.

पाणी ते पाणीच, त्यात भेद कसला, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मिळण्यासाठी पावसाच्या एका थेंबाचा प्रवास पाहावा लागेल. ढगातून निघालेल्या थेंबात क्षार जवळजवळ नसतात. खाली येताना तो हवेतील थोडा कार्बन डायॉक्साइड वायू आपल्यात विरघळवून घेतो. जमिनीत मुरल्यावर त्याला हा वायू अधिक प्रमाणात भेटतो. कारण झाडांची मुळे आणि मातीतील असंख्य सूक्ष्म जीव श्वसन करून तो सतत बाहेर टाकीत असतात. अशा रीतीने ते पाणी किंचित आम्लधर्मी बनते. पुढे खडकांच्या फटींतून झिरपताना ते खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे घटक हळूहळू विरघळवून आपल्याबरोबर नेते. पाणी खडकांच्या सहवासात जितके अधिक काळ राहील, तितके हे क्षार त्यात सामान्यतः अधिक येतात. अशा क्षारयुक्त पाण्याला लोक ‘जड पाणी’ म्हणतात. त्यात साबणाचा फेस सहजी होत नाही, म्हणून शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘दुष्फेन’ असे नाव आहे. ज्यात फेस चांगला होतो ते ‘सुफेन’, म्हणजेच हलके पाणी.

महाराष्ट्रात ही दोन्ही प्रकारची पाणी आढळतात. मुंबई शहराला तानसा, वैतरणा, भातसा अशा जलाशयांचे पाणी मिळते. हे सह्याद्रीच्या परिसरात पडलेल्या पावसाचे पाणी असते. ते जमिनीच्या पोटात फार काळ राहिलेले नसते, म्हणून ते हलके असते. याउलट घाटमाथ्याच्या पूर्वेस, पठारावरील अनेक गावांत विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी वापरतात. ते काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून आणि चुनखडीचे खडे असलेल्या मातीतून झिरपत आलेले असते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबण फुकट जातो आणि बंबाच्या आतील बाजूस पांढरे पुट चढते. हे सर्व त्या विरघळलेल्या क्षारांचे काम आहे.

पाण्याचा जडपणा मोजता येतो. एक लिटर पाण्यातील हे क्षार कॅल्शियम कार्बोनेटच्या किती मिलिग्रॅम वजनाइतके भरतात, त्यावरून तो सांगतात. हा आकडा ६० पर्यंत असेल तर पाणी हलके, १२० च्या पुढे गेला तर जड आणि १८० च्या पुढे गेला तर फार जड, अशी एक वर्गवारी रूढ आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा सांगितली आहे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंतचे पाणी चालते. यावरून ध्यानात येईल, की जड पाणी म्हणजे विषारी किंवा घाणेरडे पाणी नव्हे. ते फक्त वेगळ्या गुणाचे पाणी आहे.

अचूक मोजमाप प्रयोगशाळेत होते; परंतु साधी पारख घरीही करता येते. सारख्या आकाराच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे साठविलेले पाणी आणि दुसरीत विहिरीचे पाणी, दोन्ही सारख्याच उंचीपर्यंत भरावे. दोहोंत साध्या साबणाच्या पाण्याचे मोजून दहा दहा थेंब घालावेत आणि बाटल्या सारख्याच वेळ हलवाव्यात. कपडे धुण्याची आधुनिक पावडर या प्रयोगास चालत नाही; कारण ती जड पाण्यातही फेस करते. पावसाच्या पाण्यावर दाट फेस येऊन टिकून राहील. विहिरीचे पाणी जड असेल, तर त्यात फेसाऐवजी पांढुरका साका दिसेल.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. जड पाण्यात काही वनस्पती जोमाने वाढतात आणि काही खंगत जातात, हे कशामुळे?

प्रत्येक हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साह्याने आपले अन्न स्वतः तयार करते. त्यासाठी तिला कार्बन लागतो. जमिनीवरील झाड तो हवेतील कार्बन डायॉक्साइडमधून घेते. पाण्यात बुडालेल्या वनस्पतीला मात्र तो पाण्यातूनच मिळवावा लागतो आणि येथेच तिची अडचण सुरू होते. हा वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने तो स्थिर पाण्यात पसरतो. पानाला चिकटून असलेल्या पाण्यातील वायू संपला, की नवा येण्यास वेळ लागतो. पाणी जड असले, म्हणजे बहुधा आणखी एक अडचण उभी राहते. अशा पाण्यात कार्बन पुष्कळ असतो. परंतु त्याचा फार मोठा भाग मोकळ्या वायूच्या रूपात नसून बायकार्बोनेट या रूपात बांधला गेलेला असतो. कोठारात धान्य भरपूर आहे, पण कोठाराला कुलूप आहे, अशी ही स्थिती होय.

काही वनस्पतींपाशी या कुलपाची किल्ली असते. बायकार्बोनेट घेऊन त्यातून आपल्याला हवा तो कार्बन काढण्याची शक्ती त्यांच्या पानांत असते. अशा कित्येक वनस्पतींत पानाची खालची बाजू आम्ल बाहेर टाकते. त्या आम्लामुळे बायकार्बोनेटचे विघटन होऊन कार्बन डायॉक्साइड मोकळा होतो आणि पान तो लगेच शोषून घेते. पानाच्या वरच्या बाजूने अल्कधर्मी द्रव्य बाहेर पडते. त्यामुळे तेथील पाण्यातील कॅल्शियमचा चुना बनून पानावर बसतो. जड पाण्यातील वनस्पतींच्या पानांवर हाताला खरखरीत लागणारे जे पांढुरके पुट दिसते, ते हेच. बंबात पाणी तापले, की बायकार्बोनेटमधील वायू निघून जातो आणि चुना मागे राहतो. बंबात जे उष्णतेने घडते, तेच पानावर वनस्पतीच्या जीवनक्रियेने घडते. म्हणून असे पुट पाहून रोप आजारी आहे असे समजू नये. ते जड पाण्यातून आपले अन्न मिळवीत असल्याची ती खूण आहे.

ही शक्ती सर्व पाणवनस्पतींत नाही. पाण्यात बुडून वाढणाऱ्या ज्या वनस्पतींची शास्त्रज्ञांनी तपासणी केली, त्यांपैकी सुमारे निम्म्या वनस्पतींत ती आढळली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असेही दिसून आले, की ज्या प्रदेशातील पाण्यात बायकार्बोनेट अधिक, तेथील नद्यांत व तळ्यांत ही शक्ती असलेल्या वनस्पतींचे प्रमाणही अधिक असते. निसर्गाने पाणी पाहून वनस्पतींची निवड केलेली आहे. माणसाने आपल्या पेटीसाठी निवड करताना तोच मार्ग धरावा.

या निवडीचे एक सुंदर उदाहरण मत्स्यपेटीच्या इतिहासातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन येथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. प्राणी आणि वनस्पती एकमेकांना बंद जागेत जगवू शकतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांनी बारा गॅलन, म्हणजे सुमारे चौपन्न लिटर मावतील एवढे काचेचे भांडे घेतले. तळाशी वाळू, चिखल आणि चुनखडीचे व वालुकाश्माचे तुकडे घातले. भांडे अर्धे झऱ्याच्या पाण्याने भरून त्यात दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची वनस्पती लावली. प्रारंभी सर्व ठीक चालले. पुढे वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी त्यात पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाऊन टाकली, पाणी पुन्हा निवळले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडली. मासे, वनस्पती आणि गोगलगायी यांचा असा मेळ बसला. १८५० साली वॉरिंग्टन यांनी या प्रयोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी पहिले मत्स्यालय उघडले.

या प्रयोगात झऱ्याचे पाणी आणि चुनखडीचे दगड होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. अशा पाण्यात व्हॅलिस्नेरियाऐवजी हलक्या पाण्यातील एखादी नाजूक वनस्पती असती, तर हा मेळ बसणे कठीण गेले असते. व्हॅलिस्नेरियाच्या पानांत बायकार्बोनेट वापरण्याची शक्ती आहे. शिवाय जड पाण्यातील कॅल्शियम गोगलगायींना शंख घडविण्यास उपयोगी पडते.

जड पाण्यासाठी पहिली निवड म्हणून आजही व्हॅलिस्नेरियाचेच नाव घ्यावे लागते. तिची पाने लांब, अरुंद आणि फितीसारखी असून ती तळापासून सरळ वर येतात. पेटीच्या मागील बाजूस ती ओळीने लावली, म्हणजे हिरव्या पडद्यासारखी दिसते. वाळूखालून धावणाऱ्या आडव्या खोडांवर नवी रोपे फुटतात आणि थोड्याच महिन्यांत एका रोपाची अनेक रोपे होतात. इटलीतील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ अँटोनियो व्हॅलिस्नेरी यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव दिले आहे. भारतातील तळ्यांत आणि संथ ओढ्यांतही ती आढळते. तिचे परागण तर नवलाचे आहे. नरफुले अतिशय लहान असतात. ती तळाशी असलेल्या देठापासून सुटून पाण्याच्या पृष्ठभागावर येतात आणि तरंगू लागतात. मादीफूल लांब, बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत येते. तरंगती नरफुले त्याला येऊन भिडली, की परागण होते. मग मादीफुलाचा देठ मळसूत्रासारखा वेटोळे घेत आखडतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो.

दुसरी वनस्पती हायड्रिला. शाळेच्या प्रयोगशाळेत ती पुष्कळांनी पाहिलेली असते. चंचुपात्रातील पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या ठेवून त्यांवर नरसाळे पालथे घालतात, नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी ठेवतात आणि सारे उन्हात ठेवतात. फांद्यांतून निघणारे प्राणवायूचे बुडबुडे परीक्षानळीत जमू लागतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला, तर बुडबुडे अधिक वेगाने येतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट होय, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाचा जड पाण्याशी असलेला संबंध उमगतो.

तिसरी सिरॅटोफायलम. हिला खरी मुळे नसतात. बारीक, कडक, काट्यांसारख्या पानांची वेटोळी खोडाभोवती दाट बसलेली असतात, त्यामुळे फांदी प्राण्याच्या झुबकेदार शेपटीसारखी दिसते. तिला वाळूत रोवण्याची आवश्यकता नाही. पाण्यात नुसती सोडून दिली तरी ती वाढते. माशांच्या पिलांना लपण्यास तिच्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल. चौथी पोटॅमोजेटॉन. या ग्रीक नावाचा अर्थ ‘नदीचा शेजारी’ असा आहे. तिच्या एका जातीच्या पानांच्या कडा चुणीदार झालरीसारख्या असतात. महाराष्ट्रातील नद्यांत व जलाशयांतही तिच्या जाती वाढतात.

क्रिप्टोकोरिन या वनस्पतीच्या बाबतीत मात्र नुसते नाव पाहून निवड करू नये. तिच्या जाती अनेक आहेत आणि त्यांचे मूळ प्रदेशही वेगवेगळे आहेत. काही जाती दलदलीतील हलक्या, आम्लधर्मी पाण्यात वाढतात. तर थायलंडमधील चुनखडीच्या प्रदेशातील ओढ्यांत वाढणारी, लांब सुरकुतलेल्या पानांची जात जड पाण्यात उत्तम वाढते. एकाच कुळातील दोन जातींच्या गरजा इतक्या भिन्न असू शकतात. नव्या पेटीत लावल्यावर क्रिप्टोकोरिनची पाने पुष्कळदा विरघळल्यासारखी गळून पडतात. तेव्हा ती मेली असे समजून उपटून टाकू नये. मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी पाने फुटतात.

कोणती वनस्पती लावू नये, हेही कळले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर पावसाळ्यात जांभ्या दगडावर उथळ डबकी साचतात. त्यांत वायतुरा नावाची सुंदर पाणवनस्पती फुलते. तिचा फुलोरा दोन शाखांचा असतो. तेथेच ओलसर जागी गेंद नावाची पांढरी, गोलसर फुले वाऱ्यावर डुलताना दिसतात. या वनस्पतींना मिळणारे पाणी नुकतेच आकाशातून उतरलेले असते. त्यात चुना जवळजवळ नसतो. विहिरीच्या जड पाण्याने भरलेल्या पेटीत त्यांना आणून ठेवणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवण्यासारखे आहे. शिवाय वायतुरा हा सह्याद्रीच्या मर्यादित भागातच आढळतो. त्याचे एक रोप उपटले तरी ते निसर्गाचे मोठे नुकसान होय. मत्स्यपेटीसाठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतींतही कबोम्बासारख्या काही नाजूक जाती हलक्या पाण्यातच खऱ्या खुलतात.

निवड योग्य झाली, तरी थोडी जोपासना आवश्यक असते. पेटीतील पाण्याची वाफ होते, तेव्हा केवळ पाणी उडून जाते. क्षार मागेच राहतात. जितके पाणी आटले तितकेच जड पाणी पुन्हा पुन्हा वरून ओतीत गेल्यास पेटीतील जडपणा वाढतच जातो. म्हणून दर आठवड्याला थोडे जुने पाणी काढून टाकून तितकेच ताजे पाणी घालावे. पाणी मुळातच फार जड असेल, तर पावसाचे स्वच्छ पाणी साठवून ते थोडे थोडे मिसळावे. पेटीत शोभेसाठी शंखशिंपले किंवा चुनखडीचे दगड ठेवल्यास पाणी अधिक जड होऊ शकते, याचे भान ठेवावे. काही घरांत पाणी हलके करण्याचे मिठावर चालणारे यंत्र असते. त्यातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते; म्हणून ते पाणी मत्स्यपेटीस योग्य नव्हे.

जड पाण्यातील वनस्पतींची कोवळी पाने कधी कधी फिकट पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या अभावाचे चिन्ह असू शकते. अशा पाण्यात लोह असले तरी ते सहजासहजी विरघळलेल्या स्थितीत राहत नाही. मुळांतून अन्न घेणाऱ्या वनस्पतींना वाळूखाली थोडी पोषक माती दिली, तर ही उणीव पुष्कळशी भरून निघते.

येथवर ज्या गुणाची प्रशंसा केली, त्याची दुसरी बाजूही जाणली पाहिजे. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मत्स्यपेट्यांसाठी वनस्पती विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने श्रीलंकेतून हायड्रिला अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात नेली. तेथून ती कालव्यांत पोचली आणि १९६० साली फ्लोरिडाच्या मोकळ्या पाण्यात ती आढळली. फ्लोरिडाची भूमी चुनखडीची आहे आणि तेथील कित्येक झऱ्यांचे पाणी जड असते. हायड्रिलाला तेथे मुक्तद्वारच मिळाले. खोडाचा लहानसा तुकडासुद्धा तिला नवे रोप निर्माण करण्यास पुरतो आणि चिखलात तिची कंदके वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तेथे पसरलेल्या हायड्रिलाची सर्व रोपे मादी होती. म्हणजे एकही बी न धरता केवळ तुकड्यांनी आणि कंदकांनी तिने सरोवरेच्या सरोवरे व्यापली. नावा अडल्या, स्थानिक वनस्पती गुदमरल्या आणि तिला आवरण्यासाठी त्या राज्याला दीर्घकाळ मोठा खर्च करावा लागला. काचेच्या पेटीत जो सद्गुण ठरला, तोच मोकळ्या पाण्यात संकट ठरला.

असे संकट आपल्या देशालाही नवे नाही. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि पुढे देशभर पसरली. पुण्यातील मुळा-मुठा आणि कोल्हापूरची पंचगंगा यांच्या पात्रांतही तिचे हिरवे आच्छादन पसरलेले दिसते. म्हणून मत्स्यपेटीतील वाढलेल्या वनस्पती छाटल्यावर त्या ओढ्यात, नदीत किंवा तळ्यात कधीही टाकू नयेत. उन्हात पूर्ण वाळवून त्या खताच्या खड्ड्यात घालाव्यात. पेटीतील मासे आणि गोगलगायी यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांना बाहेरच्या पाण्यात सोडू नये.

पाणी बदलून हवी ती वनस्पती जगविण्याचा खटाटोप करता येतो. परंतु त्याला खर्च फार आणि यश थोडे असते. आपल्या विहिरीचे पाणी कसे आहे हे आधी ओळखून त्याला मानवणारी वनस्पती निवडणे, हा सोपा आणि टिकाऊ मार्ग होय. ज्या पाण्याला डाळ शिजत नाही म्हणून घरोघरी नावे ठेवतात, त्याच पाण्यात व्हॅलिस्नेरियाचा हिरवा पडदा डोलू शकतो, सिरॅटोफायलमच्या झुबक्यांत पिले खेळू शकतात आणि गोगलगायींचे शंख मजबूत होतात. एखाद्या पेटीतील पानावर पांढरे पुट दिसले, तर ते क्षणभर बोटाने चाचपून पाहावे. खडकातून निघालेला चुना पाण्याबरोबर प्रवास करीत त्या पानापर्यंत येऊन थांबलेला असतो.

अभ्यास

१. पावसाचे हलके पाणी जड कसे बनते, ते क्रमाने सांगा.

२. ‘कोठारात धान्य भरपूर आहे, पण कोठाराला कुलूप आहे.’ या वाक्यातील धान्य, कुलूप आणि किल्ली म्हणजे काय?

३. बंबातील पुट आणि पाणवनस्पतीच्या पानावरील पुट यांत साम्य कोणते?

४. वॉरिंग्टन यांच्या भांड्यातील पाणी गढूळ का झाले व ते पुन्हा कसे निवळले?

५. कासच्या पठारावरील वायतुरा विहिरीच्या पाण्यात का लावू नये? दोन कारणे द्या.

६. मत्स्यपेटीतील छाटलेल्या वनस्पती ओढ्यात टाकल्यास काय घडू शकेल, ते पाठातील उदाहरणांच्या आधारे आठ-दहा ओळींत लिहा.

७. पाठात सांगितलेला साबणाचा प्रयोग आपल्या घरच्या पाण्यावर करा आणि जे दिसेल त्याची नोंद वहीत ठेवा.